रिकामा खुळखुळा

हरी खुळखुळा हलवतो. बाळ वळून पाहत नाही. तो पुन्हा हलवतो, जरा जोरानं. बाळ आपल्याच नादात. आरती हे सगळं बघत असते आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकेक पायरी खाली उतरत जातं. दोघांनाही ऐकू येत नाही, दोघांनाही बोलता येत नाही, आणि दोघांच्या पोटात एकाच क्षणी एकच गोळा उठतो: हाही आपल्यासारखाच निघाला की काय? बाळाला घेऊन ती दोघं डॉक्टरांकडे धावतात. डॉक्टर तपासतात. बाळाचे कान ठणठणीत असतात. मुका असतो तो खुळखुळा. त्याच्या पोटात खडेच नसतात.

गुलजारांच्या १९७२च्या 'कोशिश'मधला हा प्रसंग. हिंदी पडद्यासाठी इतका नेमका प्रसंग फार थोड्यांनी लिहिला असेल, असं माझं जुनं मत आहे, आणि दर वेळी पाहताना ते पक्कं होत जातं. त्याची करामत अशी की, पाहणारा ऐकू येणारा असला तरी त्या क्षणी तोही खुळखुळ्याकडे पाहत नाही. तोही बाळाकडेच पाहतो. संशय घ्यायचा तो माणसावर, वस्तूवर कशाला, ही आपली जन्माची सवय. हरी-आरतीची घालमेल आपण त्यांच्याइतकीच खरी मानतो, कारण चूक आपणही तीच करत असतो. डॉक्टरांनी खुळखुळा हातात घेईपर्यंत एकाही माणसाच्या मनात येत नाही की बोलणाऱ्या आणि ऐकणाऱ्याच्या मधे जे असतं, तेही तपासून पाहायचं असतं.

आणि ही भीती गुलजारांनी आधीच पेरून ठेवलेली आहे. या जोडप्याचं पहिलं मूल गेलेलं असतं. रात्री, आईबाप झोपेत असताना, त्याचं रडणं त्यांच्यापर्यंत पोचू न शकल्यामुळे. त्यामुळे दुसऱ्या बाळाच्या समोर खुळखुळा हलतो तेव्हा ते खेळणं उरत नाही, ती परीक्षा होते. एखादा कमी कसाचा लेखक इथे रडारड घालून मोकळा झाला असता. गुलजार आपल्याला भीतीच्या टोकाशी नेतात आणि तिथे हसवतात. ते हसू घशाशी अडकतं, हा भाग वेगळा.

या चित्रपटाचं मूळ जपानी. झेन्झो मात्सुयामा यांचा १९६१चा चित्रपट, युद्धानंतरच्या जपानातल्या एका कर्णबधिर जोडप्याचा. गुलजारांनी तो गाभा उचलला आणि आपल्या गल्लीत आणून बसवला. संजीवकुमार आणि जया भादुरी, दोघांच्याही वाट्याला पूर्ण चित्रपटात बोललेला असा एक शब्द नाही. ज्या काळात नायक-नायिकेला निदान एक तरी युगुलगीत लागायचंच, त्या काळात हे धाडस होतं. संजीवकुमारांना त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, गुलजारांना पटकथेचा. पटकथेचा पुरस्कार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. संवाद नसलेल्या दोन माणसांची पटकथा लिहायची म्हणजे प्रत्येक वाक्य आधी हातात, डोळ्यांत, भुवईत लिहावं लागतं.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो बऱ्हाणपुरात, आमच्या घरातल्या कृष्णधवल टीव्हीवर, काकांच्या शेजारी बसून. काका जन्मापासून बहिरे. आजीच्या भाषेत 'मुका', आणि तिच्या तोंडी त्या शब्दात तुच्छता नव्हती, नुसती माया होती. ते कधी शाळेत गेले नाहीत. बऱ्हाणपुरात ज्या घरात जमीन नाही त्या घरात माग असतो, किंवा दुसऱ्याच्या मागावरचं काम असतं, तसं काकांचंही होतं. पॉवरलूमच्या कारखान्यात ते तीस वर्षं उभे राहिले.

ज्यानं चालता कारखाना आतून पाहिला नाही त्याला तो आवाज सांगून कळणार नाही. धोटा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आपटत जातो, परत येतो, आणि असे वीस-पंचवीस माग एका पत्र्याखाली. शेजारी उभा असलेला माणूस कानाशी तोंड नेऊन ओरडला तरी निम्मं वाहून जातं. म्हणून तिथे सगळे हातानंच बोलतात. कांडी संपली, ताणा तुटला, जॉबरला बोलाव, चहा सांग, मालक आला, सांभाळ. या सगळ्याला खुणा आहेत, आणि त्या कुणी कुणाला शिकवलेल्या नाहीत. लहानपणी डबा घेऊन जायचो तेव्हा मला एक गोष्ट दिसायची, तिचा अर्थ पुढे फार उशिरा लागला. घरी जेवायच्या पंगतीत काका एका कडेला असायचे. कुणाचा विनोद झाला की सगळे हसायचे आणि मग काका एकेकाच्या तोंडाकडे बघत उशिरा हसायचे. कारखान्यात मात्र काका सगळ्यांच्या मधोमध असायचे. तिथे त्यांच्याइतकं झरझर, त्यांच्याइतकं स्पष्ट बोलणारं कुणी नव्हतं. नवा पोरगा कामाला लागला की खुणा शिकायला त्यांच्याकडे बघायचा. ऐकू येणारी माणसं रोज आठ-दहा तास काकांच्या देशात राहायला येत होती आणि काका त्या देशाचे जुने रहिवासी होते.

म्हणूनच 'कोशिश' पाहताना माझं लक्ष नेहमी हातांकडे जातं आणि हातांवरच राहतं.

आपल्याकडे हातानं बोलण्याची परंपरा काही नवी नाही. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत 'अक्षरमुष्टिकाकथन' आहे. मराठीत 'नेत्रपल्लवी' आणि 'करपल्लवी' असे दोन देखणे शब्द आहेत. नेत्रपल्लवी कादंबऱ्यांनी जिवंत ठेवली, करपल्लवी मात्र आता कोशातच राहिली. तिची रचना माहीत करून घेण्यासारखी आहे, कारण ती मोठी सुंदर आहे. वर्णमालेच्या प्रत्येक वर्गाला एक आकृती. अ-वर्गाला अहि, म्हणजे नागाची फणा. क-वर्गाला कमळ, च-वर्गाला चक्र, ट-वर्गाला धनुष्याचा टंकार, त-वर्गाला तरू, प-वर्गाला पल्लव, य-वर्गाला यौवन आणि श-वर्गाला शृंगार. आकृतीच्या नावाचं पहिलं अक्षर तेच वर्गाचं अक्षर, की पाठ करायला वेगळे कष्ट नकोत. हातानं आधी आकृती करायची, मग वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी दाखवायचं, आणि मात्रा कितवी ते चुटक्या वाजवून. 'ग' म्हणायचा तर कमळ करून तीन बोटं. आपल्या वर्णमालेची शिस्त बोटांवर उतरलेली पाहताना आनंद होतो. युरोपातल्या बोटांच्या लिप्यांना ही सोय नाही. त्यांची अक्षरं मुळात वर्गांत लावलेली नाहीत, नुसती एकापुढे एक उभी आहेत.

पण जरा थांबून पाहिलं की लक्षात येतं: करपल्लवी कानानं धड असलेल्यांनी, कानानं धड असलेल्यांसाठी रचली. दरबारात, अंतःपुरात, चारचौघांत बसून चारचौघांना कळू नये म्हणून. मात्रेसाठी चुटकी वाजवायची, हेच पुरेसं बोलकं आहे. आमच्या भागातल्या गुरांच्या बाजारात अजूनही जुने व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतात. हत्त्याची पद्धत. कोणतं बोट किती वेळा दाबलं यावर बैलाची किंमत ठरते, आणि ज्याचा बैल तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाकडे बघत असतो. त्याच्या मालाचं बोलणं चाललंय आणि त्यालाच ते कळत नाही. करपल्लवी, नेत्रपल्लवी, हत्ता, या सगळ्या हातांच्या भाषा, आणि सगळ्या कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी. 'खाणाखुणा' हा शब्द आपण कधी वापरतो? काहीतरी लपवलं जातंय असं वाटलं की.

'कोशिश'नं हा हात रुमालाखालून बाहेर काढला. माझ्या लेखी या चित्रपटाचं मोठेपण प्रथम यात आहे. इथे हात बोलतो तो आत घेण्यासाठी. आरतीला सुरुवातीला खुणांची भाषा येत नसते. घरानं तिला कोपऱ्यात ठेवलेलं असतं, आणि जे हावभाव तिच्याकडे असतात ते गरजेपुरते. हरीला भाषा येते. तो तिला मूकबधिरांच्या शाळेत नेतो. शाळेचे प्रसंग जवळजवळ माहितीपटासारखे आहेत. शिक्षिकेच्या भूमिकेत सीमा देव आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो घरगुती, समजूतदार शांतपणा मराठी प्रेक्षकाला लगेच आपला वाटतो. या दृश्यांवर काहींनी रेंगाळण्याचा आरोप केला आहे. मला तो पटत नाही. एक बाई मोठेपणी पहिल्यांदा भाषा शिकते आहे. माणसाच्या आयुष्यात याहून मोठी घटना कोणती? जया भादुरी इथे फार थोडं करतात. आधी हात घाबरलेले, अंगाशी चिकटलेले, कोपरापासून वर उठत नाहीत. मग हळूहळू ते छातीसमोरच्या जागेत येतात, तिथे स्थिरावतात. ऐकू येणाऱ्याचं बोलणं तोंडात होतं, खुणांची भाषा छातीसमोरच्या हवेत होते. ती हवा आरती हळूहळू आपल्या मालकीची करते. तिचं प्रेमात पडणं आणि तिचं भाषा शिकणं यांत रेघ मारता येत नाही, आणि गुलजारांनी ती मारलेली नाही.

संजीवकुमारांबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मी फक्त त्यांच्या भुवयांबद्दल लिहीन. ज्यांनी सांकेतिक भाषा शिकली नाही त्यांना वाटतं की सगळं काम हात करतात आणि चेहरा भावना दाखवतो. तसं नाही. चेहरा व्याकरण करतो. तीच खूण भुवया उंचावून केली की प्रश्न होतो, मान हलवून केली की नकार होतो. संजीवकुमारांनी चित्रपटभर ही शिस्त सांभाळलेली दिसते. हातांत जिथे नुसता मूकाभिनय आहे, आणि तो अनेक जागी आहे, तिथेसुद्धा चेहरा मात्र वाक्य बोलत असतो. त्याला आरंभ आहे, विराम आहे. ऐकणाऱ्या माणसाचं बोलणं चालू असताना हरी ज्या एकाग्रतेनं त्याच्या तोंडाकडे पाहतो, ती एकाग्रता मी आमच्या पंगतीत रोज पाहिलेली आहे. ऐकणं हे किती कष्टाचं काम असतं ते आपल्याला माहीतच नसतं. आपल्याला ते फुकट मिळालेलं असतं.

हा चित्रपट आला तेव्हा भारतातल्या खुणांना कुणी 'भाषा' म्हणत नव्हतं. १८८०मध्ये इटलीतल्या मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिनं शाळेतून हात हद्दपार केले. मुलांनी ओठ वाचायचे आणि तोंडानंच बोलायचं. आपल्याकडे मुंबईत बधिरांची पहिली शाळा निघाली ती त्यानंतर पाचच वर्षांनी, आणि तो वारा इथेही पुष्कळ काळ वाहत राहिला. मुलांनी वर्गाबाहेर, मधल्या सुट्टीत, वसतिगृहाच्या रात्रीत आपली भाषा जिवंत ठेवली. भाषाशास्त्रज्ञांनी ती गंभीरपणे पाहायला सुरुवात केली ती 'कोशिश'नंतर, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. स्वतः बधिर असलेले मदन वशिष्ठ आणि त्यांचे अमेरिकन सहकारी जेम्स वुडवर्ड, कर्क विल्सन यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूर इथल्या खुणा गोळा केल्या. पुढे उलरिके झेशान यांनी तिचं व्याकरण मांडलं. मिलानच्या ठरावाबद्दल जागतिक परिषदेनं खेद व्यक्त केला तो २०१०मध्ये, व्हँकुव्हरला. मधे १३० वर्षं गेली.

या व्याकरणातल्या काही गोष्टी मला कवितेसारख्या वाटतात. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नार्थक शब्द मुळात एकच आहे. कोण, कुठे, केव्हा, किती अशी आपली फौज तिथे नाही. प्रश्नाची एक खूण, आणि ती वाक्याच्या शेवटी. कुठे विचारायचं तर आधी 'जागा', मग प्रश्न. कोण विचारायचं तर 'चेहरा', मग प्रश्न. केव्हा विचारायचं तर 'वेळ', मग प्रश्न. आधी दार दाखवायचं, मग त्यावर टकटक करायची. पुरुषाची खूण मिशीवर, बाईची खूण नाकाच्या चमकीवर; चमकी न घालणाऱ्या, मिशी न ठेवणाऱ्या आजच्या पिढीच्या बोटांवरही जुन्या आज्या-आजोबांचे चेहरे तसेच राहिले आहेत. आणि भाऊ-बहीण? भावंडाची खूण एकच. आधी पुरुष दाखवला की भाऊ, बाई दाखवली की बहीण. हे वाचलं तेव्हा मला मराठीचा अभिमान वाटला, कारण आपल्याकडे 'भावंड' हा शब्द आहे. ना स्त्री ना पुरुष, नपुंसकलिंगी, मायेनं भरलेला. हिंदीत एका शब्दात ते म्हणता येत नाही, 'भाई-बहन' म्हणावं लागतं. बऱ्हाणपुरात बाजारात हिंदी आणि घरात मराठी बोलून वाढलेल्या माझ्यासारख्याला हे जास्तच जाणवतं. सांकेतिक भाषेत नकारही प्रश्नासारखाच, वाक्याच्या शेवटाला. मी जात नाही, तो येत नाही, या मराठीच्या ओळखीच्या चालीवर.

बऱ्हाणपूर हे तसं अनेक भाषांत एकाच वेळी राहणारं गाव. गांधी चौकातल्या जामा मशिदीत फारुकी राजवटीतल्या अरबी लेखाबरोबर देवनागरीतला संस्कृत लेखही कोरलेला आहे. संस्कृतात सुलतानाची वंशावळ, आणि तारीख आपल्या पंचांगानं, शके १५११. मशिदीच्या आत, प्रार्थनेच्या भिंतीवर. ज्यानं तो कोरवून घेतला त्याला एवढं ठाऊक होतं की जे सांगायचं आहे ते ऐकणाऱ्याच्या लिपीत सांगावं लागतं. त्या भिंतीपुढे मी अनेकदा उभा राहिलो आहे.

पुढे दहा-बारा वर्षांत फारुकींचा हा मुलूख अकबरानं घेतला. १६०१मध्ये इथून जवळचा असीरगड पडला. त्याच अकबराची एक दुसरी गोष्ट आहे, ती फत्तेपूर सिक्रीकडची, आणि ती मला 'कोशिश'च्या खुळखुळ्याशेजारी ठेवावीशी वाटते. माणसाची मूळ भाषा कोणती, हे त्याला शोधायचं होतं. त्यानं तान्ही मुलं एका बंद महालात ठेवली, आणि त्यांच्यापुढे कुणी एक शब्दही उच्चारायचा नाही असा हुकूम केला. लोक त्या जागेला गुंग महाल म्हणू लागले. काही वर्षांनी, १५८२मध्ये, तो स्वतः तिथे गेला. अबुल फझलनं नोंदवलं आहे की त्या मुलांच्या तोंडून शब्द म्हणून काही निघाला नाही. बादशहाला वाटलं, त्याला उत्तर मिळालं. मला ती मुलं डोळ्यांसमोर येतात. त्यांचे कान धड होते. त्यांच्यापुढे हलवलेला खुळखुळाच रिकामा होता.

चित्रपटातल्या आणखी एका प्रसंगाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ओम शिवपुरींचा नारायण. तो आंधळा आहे. हरीला ऐकू येत नाही, बोलता येत नाही. नारायण बोलतो ते हरीपर्यंत पोचत नाही; हरी हात करतो ते नारायणला दिसत नाहीत. दोन माणसांमधले दोन्ही रस्ते बंद. कागदावर हा प्रसंग कृत्रिम वाटेल, एखाद्या नाट्यस्पर्धेतल्या एकांकिकेची कल्पना वाटेल. पडद्यावर तो तसा वाटत नाही, कारण दोन्ही नट दयेला जवळ येऊ देत नाहीत. ते आधी थोडे गोंधळतात, मग कामाला लागतात. हात हाताला लागतो, चेहऱ्याला लागतो, आणि खूण हवेतून अंगावर उतरते. दोन माणसांना एकमेकांशी बोलायचंच असेल तर भाषा शोधावी लागते आणि ती सापडते, एवढंच गुलजार दाखवतात. मैत्री होण्यासाठी दोघांनीही आपापल्या सवयीच्या रस्त्यावरून उतरावं लागतं, आणि इथे दोघंही उतरतात. चित्रपटात ऐकू येणारी इतर माणसं फारशी उतरताना दिसत नाहीत, ही माझी या चित्रपटाबद्दलची एक तक्रारही आहे. हरीच्या भोवतीचे भले लोक भले आहेत, पण खुणा शिकत नाहीत.

दुसरी तक्रार शेवटाबद्दल. आरती गेल्यावर हरी आपल्या ऐकू येणाऱ्या मुलाला मालकाच्या मूकबधिर मुलीशी लग्न करायला सांगतो. मुलगा नकार देतो, आणि संजीवकुमारांचा तो प्रसिद्ध संताप उसळतो: तुझी आई कोण होती? अभिनय म्हणून तो प्रसंग थरारून सोडतो. पण त्या मुलीला काय हवं आहे? तिला कुणी विचारत नाही. ज्या चित्रपटानं आरतीला भाषा दिली, त्यानंच दुसऱ्या मुलीला उपकाराची वस्तू करून ठेवावं, हे मला खटकतं. बापाच्या प्रेमानं हे झाकलं जात नाही.

आमच्या राज्यातल्याच इंदूरची एक गोष्ट या संदर्भात आठवते. लहानपणी चुकून पाकिस्तानात पोचलेली गीता २६ ऑक्टोबर २०१५ रोजी भारतात परत आली आणि इंदूरच्या संस्थेत राहिली. तिला ऐकू येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, गावाचं नाव सांगता येत नव्हतं. तिच्या खुणा वाचत वाचत इंदूरच्या दुभाषांनी शोध चालवला आणि तो मराठवाड्यात, परभणीकडे येऊन पोचला. रेल्वे, नदी, देऊळ, शेत. तिनं वर्षानुवर्षं तेच सांगितलं होतं. सांगणारी पहिल्यापासून सांगत होती, वाचणारे उशिरा मिळाले.

२०११च्या जनगणनेत भारतात ऐकण्याचं अपंगत्व असलेली माणसं ५० लाखांहून अधिक मोजली गेली. २०१५मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन आणि प्रशिक्षण संस्था निघाली, दिव्यांगांच्या हक्कांबद्दलच्या २०१६च्या कायद्यानं 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येत खुणांना जागा दिली, आणि २०२१मध्ये संस्थेच्या शब्दकोशात दहा हजार शब्द झाले. हे सगळं चांगलं आहे, आणि काकांच्या कामाचं नव्हतं. त्यांच्या खुणा आमच्या घरच्या आणि कारखान्याच्या. दूरदर्शनवर रविवारी बधिरांसाठी बातम्या लागायच्या, तेव्हा आजी मोठ्या कौतुकानं काकांना टीव्हीसमोर बसवायची. ते पाच मिनिटं निवेदिकेच्या हातांकडे बघायचे आणि उठून जायचे. खुणा सगळीकडे सारख्याच असतात असा आमचा समज होता. ती बाई दिल्लीची भाषा बोलत होती, काका बऱ्हाणपूरच्या एका गल्लीची. पाच वर्षांचे असताना त्यांना कुणी शाळेत घातलं असतं तर ती त्यांचीही भाषा झाली असती. हा दोष मी कुणाला देऊ शकत नाही, आमच्या घराखेरीज.

टीव्हीवर 'कोशिश' लागला त्या रात्री मात्र तो संपेपर्यंत काका जागचे हलले नाहीत. खुळखुळ्याचा प्रसंग आला तेव्हा आम्ही सगळे डोळे पुसत हसत होतो. काका हसले नाहीत. त्यांनी नापसंतीनं हात झटकला, कारखान्यात कुणी चुकीची गाठ मारली की झटकायचे तसा. मला वाटलं, त्यांना समजलं नाही. मी समजावून सांगायला लागलो: खुळखुळा, रिकामा, आत काही नाही.

त्यांनी मला गप्प केलं. उठले, देवघरातली काडेपेटी आणली. माझे डोळे आपल्या हातानं मिटले आणि काडेपेटी माझ्या तळव्यावर ठेवून माझी मूठ हलवली. काड्या आत धावल्या, तळहाताला गुदगुल्या झाल्या. मग त्यांनी सगळ्या काड्या ओट्यावर ओतल्या, रिकामी पेटी पुन्हा माझ्या मुठीत दिली आणि मूठ हलवली.

हाताला काहीच लागलं नाही. मी डोळे उघडले तेव्हा काका टीव्हीतल्या हरीकडे बोट दाखवत होते आणि आपल्या तळव्यावर टिचक्या मारत होते.

इतक्या वर्षांनीही तो प्रसंग मला तितकाच नेमका वाटतो, आणि तो लिहिणाऱ्याला ऐकू येत होतं हेही आता दर वेळी दिसतं. काड्या वेचून पेटीत भरायला काकांना मीच मदत केली. एक ओट्याखाली गेली होती, ती त्यांना आधी दिसली.